लेखकाचा फेटा

ज्या नाटकासाठी भर मांडवात आमच्या कॉलेजातल्या सरांच्या डोक्यावर फेटा चढला, ते नाटक सरांनी लिहिलेलं नाही. हे आधीच स्वच्छ सांगून टाकते, कारण आमच्याकडे एखादी गोष्ट माइकवरून पुकारली की ती खरी होते, आणि पुन्हा पुकारली की कायमची खरी होते. नाटक लिहिलं होतं माझ्या बी.ए.च्या वर्गातल्या एका मुलीनं. आणि ज्या लग्नात सरांना फेटा बांधला, ते लग्नही तिचंच होतं. मुंडावळ्या बांधून ती पडद्यापलीकडच्या पंगतीत बसली होती आणि माइकवरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू नका असं तिनंच मला नंतर फोनवर सांगितलं. त्याचाही मला राग आहे, पण शब्द दिलाय.

मी वडवणीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. माहेर परळीचं. परळीत वाढलेल्या बाईला एक सवय असते, दोरीवरचा कपडा झटकल्याशिवाय ती घडी घालत नाही, कारण थर्मल वीजकेंद्राची राख त्यावर बसलेलीच असते. माझा स्वभावही तसाच झालाय. कुणी काही सांगितलं की आधी झटकून बघते. नोकरीत पीएच.डी. लागते म्हणून विषय शोधायला निघाले, तेव्हा मला एक इंग्रज बाई सापडली. साडेतीनशे वर्षांपूर्वीची. लंडनच्या नाटकमंडळ्यांसाठी नाटकं लिहून स्वतःचं पोट भरणारी तिथली जवळजवळ पहिलीच बाई.

विषय ऐकून आमचे प्राचार्य म्हणाले, “मॅडम, बीड जिल्ह्यात त्या गोऱ्या बाईचं काय काम?” स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, “कावून एवढं डोकं शिणवता? एखादा आपल्याकडचा लेखक घ्या, दोन वर्षांत मोकळ्या.” सासरी तर विषयाचं नाव घ्यायचं सोडूनच दिलं, कारण घेतलं की नणंद विचारायची, “ती बाई चांगल्या चालीची हुती का?” मी म्हणायचे, नाटकं चांगली होती. त्यावर नणंद अशी बघायची की मीच काहीतरी लपवतेय.

आता त्या बाईची हकिकत ऐका आणि मग सांगा तिचं बीड जिल्ह्यात काही काम आहे की नाही. ती कुठे जन्मली ते धड माहीत नाही. बाप न्हावी होता म्हणतात, तेही खात्रीनं नाही. माहेरचं नाव काय, यावर विद्वान अजून भांडतात. आडनाव नवऱ्याचं, ते तेवढं पक्कं. गंमत अशी की नवरा मात्र कच्चा. कुणी म्हणतं तो लवकर मेला, कुणी म्हणतं सोडून गेला, कुणी म्हणतं असा माणूस नव्हताच, बाईनं विधवेचा मान मिळावा म्हणून आडनाव रचून घेतलं. म्हणजे बघा, जो माणूस होता की नव्हता हेच ठाऊक नाही, त्याच्या नावानं ती तीन शतकं ओळखली जाते. राजानं तिला हेर म्हणून परदेशात पाठवलं आणि काम झाल्यावर हात वर केले. परत आली, लेखणी धरली आणि नाटकं लिहायला लागली.

लिहायची काय, तर म्हाताऱ्या पैसेवाल्यांच्या गळ्यात बांधलेल्या पोरींच्या गोष्टी. बापानं, भावानं ठरवायचं, पोरीनं मान खाली घालायची, आणि मग पोरगी अक्कल लढवून त्या म्हाताऱ्याला असा काही गंडवायची की प्रेक्षक हसून हसून लोळायचे. त्यात शेजघरातले विनोद असायचे, चावटपणा असायचा. त्या काळातल्या सगळ्याच नाटकांत असायचा. पुरुषांनी लिहिला तर तो हुशारपणा. हिनं लिहिला तर बाई वाईट. लोक पोट धरून हसायचे आणि घरी जाऊन तिला नावं ठेवायचे. आणि एखादं नाटक फारच चांगलं उतरलं की म्हणायचे, हे हिनं लिहिलेलं नसणार, हिचा कुणी मित्र लिहून देतो. तिनं एका नाटकाच्या सुरुवातीला तोंडावर विचारलंय की हेच नाटक पुरुषाच्या नावानं आलं असतं तर तुम्ही त्याला चांगलं म्हटलं नसतं काय? मेल्यावर तिला राजांना पुरतात त्या मोठ्या देवळात पुरलं, पण कवींच्या कोपऱ्यात नाही. बाहेरच्या ओवरीत.

ओवरीचं वाचलं त्या दिवशी मी वडवणीच्या आठवडी बाजारात भाजी घेताना एका माणसाशी विनाकारण भांडले होते.

अभ्यासक्रमात ही बाई अर्ध्या वाक्यापुरती येते. मी त्या अर्ध्या वाक्यावर आठवडाभर शिकवायची. पोरं वैतागायची. पण धारूरच्या किल्ल्याखालच्या एका गावातून एसटीनं येणारी ती मुलगी पहिल्या बाकावर बसून ऐकायची. एक दिवस उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, तिच्या घरच्यांनी चालू कसं दिलं?”

मी म्हटलं, “घरचं कुणी असल्याची नोंदच सापडत नाही.”

“मग बरोबर हाय,” ती म्हणाली आणि खाली बसली. वर्ग हसला. ती हसली नव्हती.

त्या वर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आमच्या कॉलेजला एकांकिका न्यायची होती. सांस्कृतिक विभाग सरांकडे. सर मराठीचे, वाईट माणूस नाहीत. हेच तर अवघड आहे, वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्या मुलीला इंग्रज बाईच्या एका नाटकाची गोष्ट तोंडी सांगितली आणि म्हटलं, तुझ्या भाषेत लिहून बघ. पंधरवड्यात तिनं आणून दिलं. लंडनचा म्हातारा सावकार तिच्या नाटकात धारूरकडचा बागायतदार झाला होता. बायको मेल्याला वर्ष झालं नाही तोवर कवळी बसवून नवी बायको बघत फिरणारा. पोरीचा बाप त्याच्या पुढं पुढं करणारा. भाषा अशी की वाचताना मला माझ्या आत्या आणि मावश्या बोलताना ऐकू आल्या. आणि मधोमध एक प्रवेश होता, जो मूळ इंग्रजी नाटकात औषधालाही नाही. रुखवताचा.

आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका रुखवत मांडतात. लाडू, करंज्या, भांडी, उशा, काय काय. आणि विहीण जेवायला बसली की त्या एकेका वस्तूवरून गाणी म्हणतात. त्यात नवरदेवाची, त्याच्या आईची, सगळ्या वऱ्हाडाची यथेच्छ बेअब्रू होते. एरवी नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाया तेव्हा जे काही म्हणतात, ते ऐकून कानातले डूल गरम व्हावेत. त्याला कुणी चावट म्हणत नाही. ती रीत आहे. या मुलीची आई त्या गाण्यांसाठी धारूरच्या डोंगरपट्ट्यात माहीत होती. कुठंही लग्न निघालं की तिला मुद्दाम जीप धाडून न्यायचे. पोरगी लहानपणापासून तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. तिनं ती चाल घेतली आणि गाणं नवं रचलं. त्यातलं थोडं असं होतं:

रुखवतावर ठिवला अडकित्ता, बाजूला ठिवली कात,
सुपारी फोडा नवरदेव, तोंडात न्हाई दात.

रुखवतावर ठिवली उशी, उशीवर मोराची जोडी,
नवरदेव लागला घोरायला, नवरी पलंग सोडी.

असं चढत चढत जायचं. आणि शेवटी, गाणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्यावर, नवरी स्वतः उठून म्हणायची:

रुखवत सारं मोजून झालं, भांडं न्हाई कमी,
नवरीला कुणी पुसलंच न्हाई, आता बोलते मी.

हा शेवट वाचला तेव्हा मी माझ्या इंग्रज बाईला विसरले. तालमीत सरांनी हा प्रवेश कापायचा प्रस्ताव मांडला होता. “मॅडम, पोरींच्या तोंडी पलंगबिलंग बरं दिसत न्हाई.” मी म्हटलं, “तुमच्या लग्नात तुमच्या सासूबाईंनी काय म्हटलं होतं, आठवतंय का?” सर लाजले. प्रवेश राहिला.

महोत्सवात त्याच प्रवेशाला शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, एक परीक्षक तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. एकांकिकेला पहिलं बक्षीस आणि लेखनालाही पहिलं. लेखनाचं बक्षीस पुकारलं तेव्हा कॉलेजचं नाव घेतलं आणि “लेखक” म्हटलं. ती मुलगी विंगेत नऊवारीतल्या पात्रांचे दागिने काढून ठेवत होती. सर पुढं बसले होते. सर उठले आणि गेले. मी मागून ओरडले, पण त्या गलक्यात कोण ऐकतो? खाली आल्यावर सर म्हणाले, “अहो, कॉलेजच्या वतीनं घेतलं. तिचंच हाय की.” ढाल मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये दिसली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, अगदी नम्रपणे येऊन बसतो.

मग सुरू झाली कुजबूज. अर्ध्या कॉलेजचं म्हणणं, पोरीनं लिहिलेलंच नाही, हे तिला झेपायचंच नाही, सरांनी लिहून दिलंय. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, पोरीनंच लिहिलंय आणि म्हणूनच विचार करा, लग्नाआधी हिला हे सगळं ठाऊक कसं? म्हणजे लिहिलं नाही तर चोर, लिहिलं तर चवचाल. मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून म्हटलं की दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, कारण हे सगळं मी लंडनच्या लोकांबद्दल वाचलं होतं. त्यांनी निदान तीन शतकांपूर्वी म्हटलं होतं.

मुलीचं लग्न त्याआधीच ठरत आलं होतं. वडवणी तालुक्यातलं बडं घराणं, बागाईत, राजकारण. होणारी सासू गावची सरपंच. म्हणजे नाव तिचं, खुर्चीवर बसणारा नवरा. ग्रामसभेत हार त्याच्या गळ्यात, बाई भिंतीकडेला. त्या घरातून निरोप आला की पोरगी पसंत आहे, बक्षिसाचाही अभिमान आहे, फक्त नाटकाचं जरा बोलून घ्यायचंय. मुलीनं मला फोन केला. “मॅडम, या. न्हाई तर माझे वडील कशालाबी हो म्हणतील.”

मी गेले. धारूरचा घाट चढून तिच्या गावी पोचले तेव्हा बैठकीत सतरंजी अंथरून होणारे सासरे, मुलीचे वडील आणि आमचे सर बसलेले. सरांना कुणी बोलावलं होतं देव जाणे. बायका आतल्या दारात उभ्या. चहा झाला. मग होणारे सासरे अगदी शांतपणे म्हणाले, “मॅडम, नाटक लई चांगलं झालं म्हणतेत. आमाला आनंद हाय. पण ते गाणं. लोक इचारायलेत, तुमच्या सुनंनं असलं लिवलं व्हय? उद्या ती घरात येणार, चार माणसांत वावरणार.”

“तिनंच लिहिलंय,” मी म्हटलं.

“ते असू द्या. आपण एक करू. नाटक लिवलं सरांनी. आन् त्यातलं जे वंगाळ हाय, ते त्या गोऱ्या बाईचं. तसंबी मूळ नाटक तिचंच की. तिच्या नावावर टाकून द्या. ती काय उठून येणार हाय का?”

सगळे हसले. मुलीचे वडीलही. मला आधी हसूच आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जे काही तोंडातून निघालं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, “चांगलं ते सरांचं, वंगाळ ते गोरीचं, मग पोरीच्या वाटणीला काय? नारळ?” सर म्हणाले, “मॅडम, तापू नका, तिच्या भल्याचंच चाललंय.” मी त्यांना म्हटलं, “सर, त्या गाण्यातली एक ओळ म्हणून दाखवा. लेखक ना तुम्ही?” सर सतरंजीचे दोरे काढत बसले.

त्यावर होणारे सासरे उठले आणि म्हणाले, “बाईमाणसाशी वाद नको.” माझ्याशी बोलणं संपलं. पण मी आतल्या दाराकडं बघितलं तर मुलगी मान हलवत होती. नाही, नाही. मला गप्प राहायला सांगत होती.

नंतर परसात, पाण्याच्या टाकीपाशी, तिनं मला सगळं सांगितलं. तिनं स्वतःच सौदा केला होता. नाटकावर नाव टाकायचं नाही, आणि त्याच्या बदल्यात लग्नानंतर अंबाजोगाईला एम.ए. करू द्यायचं. होणाऱ्या नवऱ्यानं कबूल केलं होतं. “एका नाटकाचं नाव जाईल मॅडम,” ती म्हणाली. “पुढची धा लिहिता येतील. भांडून लग्न मोडलं तर माझ्या धाकटीला कोण करील? आन् मला तरी दुसरीकडं कुठं शिकू देणारेत?” मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावीशीही वाटली. तिची आई तिथंच भांडी घासत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “माझीबी गाणी हायतच की. कोण इचारतंय कुणाची म्हणून? लोक म्हणतेत तेवढं खरं.” मी गाडीत बसून घाट उतरले.

निघताना आतून तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला होता, “आन् पोरीचं हे नाव आमच्यात न्हाई चालत. राशीला बसत न्हाई. आमी दुसरं काढलंय.” लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत आमच्याकडे अजून आहे, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात. त्यावेळी मी एवढी चिडलेली होते की त्या वाक्याकडं माझं लक्षच गेलं नाही. लग्नात सगळ्यांचीच नावं बदलतात, असं मनाशी म्हटलं.

लग्न त्या घराण्याला शोभेल असं झालं. मंगलाष्टकं झाल्यावर माइकचा ताबा एका भाषणबहाद्दर माणसानं घेतला आणि सत्कार सुरू झाले. आमच्याकडे लग्न म्हणजे निम्मं सत्कारच. आजी-माजी सगळ्या पुढाऱ्यांना फेटे झाले, मग नुसत्या ओळखीच्यांना झाले. मी पडद्यापलीकडे विहिणीच्या पंगतीत वाढत होते. सरपंचबाई, म्हणजे मुलीची सासू, चांदीच्या ताटापुढं बसली होती आणि शेजारी नवरी. समोर रुखवत मांडलेलं. आई आणि तिच्या सोबतिणी गात होत्या आणि सगळ्या बाया हसून बेजार.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला: “युवक महोत्सवात पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या नाटकाचे लेखक, आपले आदरणीय प्राध्यापक सर, यांचा सत्कार मुलीच्या वडिलांच्या हस्ते!” टाळ्या. आणि पुन्हा एकदा, “लेखक!”

मी हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं. नवरीकडं बघितलं. ती ताटाकडं बघत होती. तिच्या आईचं गाणं थांबलं होतं, पण पंगतीच्या टोकाला बसलेल्या दोन पोरसवदा बायकांनी पुढचं उचललं. “रुखवतावर ठिवला अडकित्ता...” महोत्सवानंतर त्या गाण्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला होता, तिथून त्यांनी पाठ केलं असणार. ते गाणं कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. दात झाले, उशी झाली, मोराची जोडी झाली. सरपंचबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. घोरणारा नवरदेव, पलंग सोडणारी नवरी, तेच गाणं, ज्याच्यासाठी त्या बैठकीत सगळ्यांच्या अब्रूला आग लागली होती. नाव नसलं की सगळं चालतं.

आणि गाणं मध्येच थांबलं. व्हिडिओ तिथंच तुटलेला होता. सरपंचबाई पाणी पिऊन म्हणाली, “म्हणा की गं. पुढं काय हाय?”

त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. “पुढचं न्हाई येत.”

“कुणाला येतंय का?”

मला येत होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी नवरी बोलली. नवरीनं आपल्या रुखवताचं गाणं म्हणायचं नसतं, मान वर करायची नसते. तिनं मुंडावळ्या कानामागं सारल्या, मान वर केली आणि चालीवर, अगदी तिच्या आईच्या आवाजात म्हटलं:

रुखवत सारं मोजून झालं, भांडं न्हाई कमी,
नवरीला कुणी पुसलंच न्हाई, आता बोलते मी.

सगळ्या पंगतीतून आधी हसू उठलं. मग ते विरलं. सरपंचबाईनं विचारलं, “तुला कसं म्हाईत?”

“मीच लिवलंय, आत्या. सगळं.”

बाहेर माइकवर पुढचा फेटा पुकारत होते. एक म्हातारी मागून म्हणाली, “परत म्हण गं बाय.” सरपंचबाईनं नवरीकडं बराच वेळ बघितलं. ती रागावली होती की तिला दुसरंच काही आठवलं होतं, मला सांगता येत नाही. मग तिनं पदर ओढून घेतला आणि म्हणाली, “बस झालं. जेव आता.” नवरी जेवली.

परतीच्या जीपमध्ये सर माझ्या पुढच्या सीटवर होते. फेटा डोक्यावर तसाच. मी म्हटलं, “फेटा उतरवा.” ते म्हणाले, “अहो मॅडम, पोरगी चांगल्या घरात पडली, आता तरी सोडा.” वडवणी येईपर्यंत त्यांनी फेटा उतरवला नाही आणि मी त्यांच्याशी बोलले नाही. आजही कामापुरतंच बोलते.

एम.ए.चं म्हणाल तर पहिल्या वर्षी “यंदा नको, नवीन हाय” झालं, दुसऱ्या वर्षी दिवस गेले. नवऱ्यानं शब्द दिला होता, आणि तो अजूनही देतो. तिचा फोन येतो कधीमधी. लिहितेस का विचारलं की म्हणते, “चाललंय मॅडम, डोक्यात.” अशाच एका फोनवर मी म्हटलं की हे सगळं मी लिहिणार आहे, तर म्हणाली, लिहा, फक्त माझं नाव लिहू नका. माझ्या इंग्रज बाईनं असल्या अडचणीतही कागद भरले. पण तिला सासर नव्हतं, हेही खरं.

परवा परळीला चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. मी विहिणीच्या पंगतीत बसले होते, आणि बायकांनी तेच गाणं उचललं. दात, उशी, मोराची जोडी. या वेळी ते तुटलं नाही. शेवटाला सगळ्या जणी गप्प झाल्या आणि एकीनं नवरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “आता बोलते मी.” ताट बाजूला सारून मी गाणाऱ्या बाईजवळ गेले. ती वडवणीकडची होती. विचारलं, हे गाणं कुणाचं?

ती मोठ्या उत्साहानं म्हणाली, “सरपंचबाईच्या सुनंचं हाय ओ ताई! लई खमकी. सोताच्या लग्नात सोता म्हणली, सासूच्या तोंडावर. तवापासून आमी सगळ्या म्हणतो.”

मला एवढा आनंद झाला की क्षणभर मी सगळा राग विसरले. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, मी ओळखते तिला, माझ्या वर्गात होती. आणि मी तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं.

ती बाई गोंधळली. तिनं शेजारणीला विचारलं, शेजारणीनं मान हलवली.

“न्हाई ओ ताई,” ती म्हणाली. “त्या नावाची कुणी न्हाई त्या घरात.”